तोंडावर सांगायचं

इंदे,

तुझ्या तेराव्याला जेवायला बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "किती हो समाधानी होती! कधी कशाबद्दल तक्रार म्हणून नाही." मी भात वाढत होते. पातेलं तिथंच टेकवलं आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. मला ओरडून सांगायचं होतं, की माझी बहीण समाधानी नव्हती. समाधानी असती तर आमचं भांडण झालंच नसतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते. तांदूळ निवडून झाले की डाळ घेते, डाळ झाली की उगाच फळीवरचे डबे खाली काढते. हे म्हणतात, "अगं, जरा टेक." टेकलं की तुझ्याशी भांडण सुरू होतं. आणि परवापासून तर त्या भांडणातलं माझं म्हणणंच डळमळायला लागलंय. म्हणून लिहायला बसले. मध्ये दोनदा उठून चुलीतली लाकडं सारखी करून आले. चूल विझलेलीच आहे.

तू आमच्या दारात आलीस तो दिवस तुला आठवत असेल, मला तर तो रोज आठवतो. तुझ्या नवऱ्यानं तुला मुंबई रस्त्यावर एसटीतून उतरवलं, तुझं गाठोडं तुझ्या हातात दिलं आणि परतीच्या गाडीसाठी पलीकडे जाऊन उभा राहिला. आमची चाळ त्याला दिसत होती. चार पावलं चालून दाराशी यावं, "अक्का, हिला दम लागतो, हिला सांभाळा," एवढं तरी म्हणावं! तू एकटीच आलीस. दोनदा वाटेत बसलीस. ओठ निळसर पडले होते. पुढं स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का हिचे?" सुजले होते. सातारला आई शेक द्यायची आणि वाऱ्याचं दुखणं म्हणायची. डॉक्टर म्हणाले, त्यातच हृदयाची झडप आखडली. जड काम बंद, मीठ कमी. चाकणकडच्या सासरी तुला कांद्याच्या वाफ्यात वाकायला लावत होते, आणि वाकवेना तेव्हा "उपयोगाची नाही" म्हणून माघारी धाडलं.

पहिले कितीतरी दिवस तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. आमची मंदा पाटी घेऊन तुझ्याजवळ यायची, "मावशी, बघ ना," म्हणायची, तर तू तिच्याकडेही वळायची नाहीस. मी दोन घास जबरदस्तीनं भरवायची. आणि एका सकाळी तू उठलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मी राणेवहिनींकडं जाऊन येते."

"कशाला?"

"काल तू घरी नव्हतीस तेव्हा मी नळावर गेले होते, तर त्यांनी माझी घागर भरून इथवर आणून दिली. मी काही बोलले नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं."

भिंतीचा आधार घेत तू चाळीच्या टोकापर्यंत गेलीस. मी मागोमाग आले, कुठं पडायला नको म्हणून. राणेवहिनी नुकत्या कोकणातून आलेल्या, आमच्याशी फारशा न बोलणाऱ्या. तू त्यांच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "वहिनी, काल तुम्ही माझी घागर आणून दिलीत. मला फार बरं वाटलं." त्या घाबरल्याच. "गो बाय माझे, काय झालां तुका? बरां नाय वाटत?" पण तू परत आलीस तेव्हा तुझ्या तोंडावर काहीतरी निराळं होतं. तू भाकरी मागून घेतलीस. इंदे, तू आमच्या घरात पहिल्यांदा काहीतरी मागितलंस ते त्या दिवशी.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावला की तू सगळ्यांना गोळा करायचीस. आज कुणी तुमच्यासाठी काय केलं ते सांगा, आणि उद्या त्या माणसाला जाऊन सांगून या. एवढंच. पण त्यातलं एकही सोपं नव्हतं. ह्यांनी पहिल्या दिवशी थट्टा केली. "इंदू, आभार सभेत मानतात. शेवटी, पाहुण्यांना हार घातल्यावर. घरात कसले आभार?"

तू म्हणालीस, "म्हणूनच तर, दाजी. सभेत आभार मानायला लागले की माणसं चपला शोधायला लागतात."

हे हसले आणि तिथंच तुझ्या नेमात अडकले.

मी पळवाट काढायची. "आज दूध नासलं नाही, देवाची कृपा," असं काहीतरी म्हणायची. तू मान हलवायचीस. "देवाला सांगणं सोपं आहे, अक्का. तो काही समोर उभा राहून लाजत नाही. माणूस सांग." आणि माणूस सांगायचा म्हटलं की माझी जीभ जड व्हायची. आपल्याकडं कोण कुणाला असं सांगतं? आईला आपण कधी सांगितलं? शेजारणीनं वाटीभर साखर दिली तर वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं, झालं. तोंडानं बोलायचं म्हणजे परकेपणा. हे मी तुला म्हटलंही होतं. तू म्हणालीस, "मी परकेपणा बघून आले, अक्का. तिथं कुणी काहीच बोलत नाही."

ह्यांच्या कारखान्यातल्या साठे फोरमनची गंमत आठवते? ह्यांना तो माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. भोंगा वाजून गेल्यावर कुणी आत आलं की नाव टिपून घेणारा माणूस. एकदा ह्यांच्या शर्टाची बाही मशिनमध्ये ओढली जात होती आणि साठ्यांनी धावत येऊन पट्टा बंद केला. त्या संध्याकाळी तू खोदून विचारलंस तेव्हा ही गोष्ट बाहेर पडली. तू म्हणालीस, "मग उद्या सांगा त्यांना."

"त्याचं कामच आहे ते!"

"हात कुणाचा वाचला?"

दुसऱ्या दिवशी हे सांगून आले. साठ्यांनी वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "काय हो, रजा पाहिजे काय?" हे घरी येऊन आम्हाला साभिनय दाखवत होते आणि तू हसून हसून धापा टाकत होतीस, मी पाठीवर हात फिरवत होते आणि घाबरत होते, की हसण्यानं हिला काही व्हायला नको. तेच साठे तुला न्यायच्या दिवशी सगळ्यांत आधी आले. खांदा दिला.

लोकांना वाटतं, असं रोज केल्यानं दुखणं पळतं. तुझं पळालं नाही. डॉक्टर दर वेळी नळी लावायचे आणि नळी काढताना त्यांचा चेहरा तसाच असायचा. पण तुला झोप लागायला लागली. तू जेवायला लागलीस. मंदाला बाराखडी तू शिकवलीस. आणि मला... हे तुला कधी सांगितलं नाही. तू आलीस तेव्हा वाटलं होतं, आजारी माणसाचं करायचं काम अंगावर पडलं. मी इथं नवी, ह्यांच्या कामाच्या पाळ्या सारख्या बदलणाऱ्या, चाळीत प्रत्येक जण कुठून कुठून आलेला, भिंतीपलीकडचं माणूस काय भाषा बोलतं तेही कळू नये. दिवसचे दिवस माझं तोंड बंद असायचं. मला बोलायला माणूस मिळालं होतं, इंदे. रोज संध्याकाळी तू विचारायचीस आणि मी शोधत बसायची, आणि तू माझ्यासमोर बसलेली असायचीस. तुझं नाव घ्यायचं मला एकदाही सुचलं नाही.

आणि मग ती संध्याकाळ. तुझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, "आज मला आत्याबाईंची आठवण झाली."

तुझी सासू. मी वात सारखी करत होते, हात थांबला.

"लग्नानंतर पहिल्यांदा ताप आला होता ना, तेव्हा त्या माझ्या पायाशी बसून काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायच्या. ताप उतरेपर्यंत बसायच्या. मी त्यांना कधी सांगितलंच नाही."

"आणि सांगायचंही नाही," मी म्हटलं. "ज्या बाईनं तुला गाठोड्यासारखं रस्त्यावर टाकायला लावलं, तिच्या दारात जाऊन तू पाया पडणार?"

"पाया कुठं पडते? सांगून येते."

"एकच आहे ते. तू तिला चांगलं म्हटलंस की तिनं केलेलं सगळं धुऊन निघालं. ती गावभर सांगेल, बघा, सून स्वतः येऊन उपकार मानून गेली. मग आम्ही तुझ्यासाठी कुठल्या तोंडानं भांडायचं?"

"अक्का, तूप चोळलं ते खरं आहे ना?"

"माघारी धाडलं तेही खरं आहे!"

"हो," तू म्हणालीस. "मी कुठं नाही म्हणते?"

मला ते उत्तर वाटलंच नाही. मला वाटलं तू मला टाळते आहेस. मी आवाज चढवला, मंदा रडायला लागली, हे बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढं मी चुलतभावाच्या लग्नाला सातारला गेले, आणि परत आले तर मंदानं दारातच सांगितलं, "आई, मावशी आणि बाबा चाकणला जाऊन आले!" मोशीपर्यंत भाजीच्या रिकाम्या गाडीतून, मग नाशिक रस्त्यावरून एसटीनं. इंद्रायणीवर तू उतरून बसलीस, पाणी प्यायलीस, हे म्हणाले परत फिरू, तू म्हणालीस नाही. एवढं ह्यांनी सांगितलं. आत काय झालं ते ह्यांना माहीत नव्हतं. तूच त्यांना रस्त्यावर बाभळीखाली थांबायला सांगितलं होतंस.

तुला विचारलं तर म्हणालीस, "आत्ता सांगितलं तर तू अर्धंच ऐकशील, अक्का. राग उतरू दे."

माझा राग उतरला नाही. आपण बोलत होतो, जेवत होतो, मी तुझी वेणी घालत होते. पण त्या एका गोष्टीवर दार लावून घेतलं होतं. तुझे पाय सुजायला लागले. शेवटच्या संध्याकाळी तू भिंतीला टेकून बसली होतीस. ह्यांचं झालं, मंदाचं झालं. तू माझ्याकडं बघितलंस. "अक्का, आज कोण?"

"कुणी नाही. आजचा दिवस वाईटच होता," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. नळाला पाणी नव्हतं, औषध संपलं होतं, आणि तुला उशी उंच करूनही श्वास पुरत नव्हता. तू माझ्यावर रागावली नाहीस. "बरं. उद्या बघू," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी कणीक मळत असताना, तू गेलीस. मंदा तुझ्याजवळ बसून धडा वाचत होती. तिला वाटलं, मावशीला झोप लागली.

चाकणला निरोप पाठवला. कुणी आलं नाही. अग्नी ह्यांनीच दिला. आणि मी मनात म्हटलं, बघ, इंदे. एवढ्या लांब धापा टाकत जाऊन तू ज्यांचं चांगलं बोलून आलीस, ती ही माणसं.

आता परवाचं सांगते.

परवा उन्हं चढल्यावर दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी, नऊवारी गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. एक पोरसवदा, दाराच्या चौकटीला धरून उभी. म्हातारीला मी तुझ्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. आत या म्हटलं नाही. राणेवहिनी त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मला कुणी तरी पाठीशी लागेल असं वाटून.

"निरोप पोचला हुता," तुझी सासू म्हणाली. "यायला तोंड न्हवतं."

"मग आज कुठून आलं?"

ती उंबऱ्याबाहेरच बसली. पदरानं तोंड पुसलं. "इंदी आली हुती माज्याकडं. तुमास्नी बोलली असंल."

"नाही बोलली."

"न्हाई?" तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. मग म्हणाली, "मी तिला बघून घरात पळाया लागले. ती म्हनली, आत्याबाई, थांबा. तुमी माज्या तळपायाला तूप चोळलं, ते मी इसरले न्हाई. मला लई बरं वाटलं हुतं. मी रडाया लागले. तवा म्हनली, रडू नगा, माजं बोलनं अजून संपल्यालं न्हाई. तुमी मला माघारी धाडलं, ते लई वाईट केलं. त्येबी मी इसरले न्हाई. एकानं दुसरं फिटत न्हाई, आत्याबाई. दोन्ही मी संगट नेनार हाय."

इंदे, मी उभी होते ती चौकटीला धरून खाली बसले. कितीतरी दिवसांनी मी बसले.

"मला आजवर असं कुनी बोललं न्हवतं, बाई," ती म्हणत होती. "शिव्या देनाऱ्यांनी शिव्याच दिल्या. पाया पडनारे पायाच पडले. ह्या पोरीनं दोन्ही तोंडावर सांगितलं, आन् वर ना आवाज चढवला ना डोळं पुसलं. लोटाभर पानी मागितलं, पिली, आन् गेली."

मी विचारलं, "मग तिला न्यायला का नाही आलात?"

"लेकाला बोलले. त्यो आयकंना. मी म्हातारी, त्येच्या घरात ऱ्हाती." तिनं मान हलवली. "न्हाई. खोटं कशाला बोलू? मीबी जोर केला न्हाई."

मग तिनं त्या पोरीचा हात पुढं ओढला. गंगू. तुझी धाकटी जाऊ, तू निघून आल्यावर त्या घरात आलेली. मनगटं सुजलेली, गुडघा वाकत नव्हता. "हिला घसा धरला हुता. आता सांदं धरल्यात. दम लागतुया. धाकला म्हनतो, माहेरी सोडून येतू. मी म्हनले, ह्या बारीला न्हाई. माज्या जित्तेपनी न्हाई. पन डाक्तर कुटला, काय, मला काय ठावं? इंदीला तुमी कुनाकडं न्हेत व्हता?"

माझ्या मनात काय काय आलं ते तुला सांगायला नको. तुझ्या जागी उभी असलेली ती पोर, आणि हीच म्हातारी तिच्यासाठी उन्हातून चालत आलेली. तुझ्यासाठी का नाही, तुझ्यासाठी का नाही, एवढंच डोक्यात वाजत होतं. मी चपला घातल्या. राणेवहिनींना म्हटलं, मंदा आली की तिला जेवायला घाला. आणि निघाले.

डॉक्टरांनी गंगूला नळी लावली. तेवढाच वेळ ऐकलं जेवढा तुझं ऐकलं होतं; मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. नळी काढल्यावर तो चेहरा तसा नव्हता. म्हणाले, "लवकर आणलीत." विश्रांती हवी, इंजेक्शनं घ्यावी लागतील, मध्ये सोडून चालणार नाही. दर महिन्याला आणायचं. म्हातारी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "आदल्या दिवशी या. आमच्याकडं उतरा." माझ्या तोंडून ते कसं गेलं ते मलाच कळलं नाही, आणि आता ते परत घेता येत नाही.

इंदे, माझा राग गेलेला नाही. मी तिला क्षमा वगैरे केलेली नाही, आणि तूही केली नव्हतीस हे आता कळल्यावर मला तुझा जास्तच राग येतो, की एवढं मला आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी अर्धंच ऐकलं असतं, असं तू म्हणालीस. बहुतेक ऐकलं असतं. पण विचारून तरी बघायचंस.

त्यांना रस्त्यावर सोडायला गेले. गाडी आली. गंगूला मी हाताला धरून पायरीवर चढवलं. मागून तुझी सासू चढायला लागली तेव्हा मी तिचा दंड धरला. गाडी सुटायला आली होती, माणसं मागून ढकलत होती.

"आत्याबाई," मी म्हटलं. मी तिला ह्या नात्यानं हाक मारायचं काही कारण नव्हतं, पण दुसरं काही सुचेना. "तुम्ही गंगूला घेऊन आलात, फार चांगलं केलंत. आणि माझ्या इंदूला नाही आणलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

माझा आवाज चढला. तुझ्यासारखं शांत बोलणं मला जमलं नाही. कंडक्टर वळून बघायला लागला.

म्हातारीनं माझ्या हातावर हात ठेवला. "व्हय," म्हणाली. "इसरू नगा." आणि वर चढली.